लाल खडकावरचा ऑक्टोबर

हेलिगोलँडच्या लोकांनी पक्षी आधी खाल्ले, मग मोजले. उत्तर समुद्रात, जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरापासून साधारण साठ किलोमीटरवर हा तांबड्या वालुकाश्माचा खडक उभा आहे. क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर, कडे पन्नास मीटर उंच, आणि शेजारी वाळूचं एक धाकटं बेट, ड्यून. एकेकाळी ही दोन्ही बेटं जोडलेली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका मोठ्या वादळात मधला बांध वाहून गेला. झाडं इथे नावालाच होती. म्हणूनच १९२५च्या जूनमध्ये वेर्नर हायझेनबर्ग परागकणांनी बेजार होऊन इथे येऊन राहिला, आणि पुंजयामिकीची पहिली गणितं त्यानं याच खडकावर मांडली.

अशा उघड्याबोडक्या जागी शरद ऋतूतल्या एखाद्या पहाटे आकाशातून कस्तुरांचे थवेच्या थवे उतरले, तर माणसं काय करतील? त्यांनी माथ्यावरच्या सपाटीवर फांद्या रोवून खोटी झुडपं उभी केली आणि त्यांना जाळी जोडली. रात्रभर समुद्र ओलांडून दमलेला पक्षी आडोसा बघून आत शिरायचा, आणि मागून कुणीतरी हाकललं की जाळ्यात सापडायचा. घरोघरी रस्सा शिजायचा. अंधाऱ्या, ढगाळ रात्री दीपगृहाच्या उजेडाभोवती चंडोल घिरट्या घालायचे तेव्हा लोक पोती आणि कंदील घेऊन बाहेर पडत. एका रात्रीत हजारो चंडोल पकडल्याच्या नोंदी आहेत.

हे वाचून मन कळवळतं, पण मला त्या माणसांचा राग येत नाही. वारा कुठून वाहू लागला म्हणजे कुठला पक्षी येणार, पिल्लं आधी येतात की थोराड, कुठल्या महिन्यात माद्या जास्त दिसतात, हे त्यांना बारकाईनं ठाऊक होतं. चूल पेटायची असेल तर ठाऊक असावंच लागे. स्थलांतराच्या शास्त्राचा एक मोठा झरा या कोळी-शिकाऱ्यांच्या माहितीतून फुटला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१८३७ साली हाइनरिश गेट्के नावाचा तेविशीतला चित्रकार समुद्र रंगवायला इथे आला. बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. पुढे १८९०मध्ये झांझिबारविषयीच्या करारात ब्रिटननं ते जर्मनीला दिलं. गेट्के आला तो परत गेलाच नाही. बेटावरच्या सरकारी कचेरीत सचिव झाला, आणि १८९७मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सहा दशकं, इथेच राहिला. या काळात त्यानं जे केलं ते वरकरणी अगदी साधं होतं. रोज वारा कुठला, आभाळ कसं, कोण आलं, किती आले, हे तो लिहीत गेला. बेटावरचे शिकारी त्याच्याकडे वेगळा दिसणारा प्रत्येक पक्षी घेऊन यायचे. त्यांत ऑयकेन्स बंधू होते. पक्ष्याच्या नुसत्या हाकेवरून हा नेहमीचा नव्हे, हे त्यांना कळायचं. गेट्केनं आपल्या पुस्तकात त्यांचं ऋण मोकळेपणानं मानलं आहे. १८९१ साली ‘दी फोगेलवार्टे हेल्गोलांट’ हे त्याचं पुस्तक निघालं, आणि चार वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. एवढ्याशा खडकावरून जवळजवळ चारशे जातींच्या पक्ष्यांची नोंद त्यात होती. युरोपात इतरत्र जे सायबेरियाचे पक्षी कुणाच्या स्वप्नातही नव्हते, ते इथे शरदात पुन्हा पुन्हा येतात, हे त्यानं लिहिलं तेव्हा अनेक विद्वानांना ते खरं वाटलं नाही.

याच गेट्केचा एक निष्कर्ष मात्र सपशेल चुकला, आणि मला त्याची ही चूक त्याच्या बरोबर ठरलेल्या गोष्टींइतकीच मोलाची वाटते. निळ्या गळ्याचा शंकर हा पक्षी आपल्याकडेही हिवाळ्यात पाणथळ जागी, बोरूच्या बेटात, ओढ्याकाठी दिसतो. गेट्केला तो वसंतात हेलिगोलँडवर भरपूर दिसे. आफ्रिकेत, इजिप्तकडे तो हिवाळा काढतो हेही माहीत होतं. पण मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यातून, दक्षिण आणि मध्य युरोपातून, त्याच्या नोंदी जवळपास नव्हत्याच. तेव्हा गेट्केनं हिशेब मांडला की हा पक्षी संध्याकाळी नाइलकाठी उडतो आणि पहाटे हेलिगोलँडला उतरतो. म्हणजे वेग तासाला तीनशे किलोमीटरांहूनही जास्त. प्रत्यक्षात एवढासा पक्षी रात्री तासाला साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर उडतो. शंकर वाटेत थांबत होता, चरत होता, विसावत होता. मधल्या वाटेवर पाहणारं कुणी नव्हतं, एवढंच. जिथे माणूस उभा नाही तिथे पक्षी नाही असं धरून चाललं की सगळ्यात तल्लख निरीक्षकही फसतो.

बेटावर काय उतरणार हे ऑक्टोबरात वाराच ठरवतो. इथे दरवर्षी पक्षीनिरीक्षकांचा मेळा भरतो, आणि सकाळी खाणावळीत पाव-लोणी खाताना जो तो आधी वाऱ्याची चौकशी करतो. नॉर्वे-स्वीडनवर आभाळ स्वच्छ, मागून हलका वारा, असं जमलं की सूर्यास्तानंतर तिथून लक्षावधी पक्षी नैर्ऋत्येला निघतात. आभाळ असंच स्वच्छ राहिलं तर ते हेलिगोलँडवरून उंचावरून निघून जातात, आणि बेटावर सकाळी शुकशुकाट. पण मध्यरात्री समुद्रावर ढग खाली आले, पाऊस लागला, वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा झाला, की ते दिशा हरवतात आणि पायाखाली जे मिळेल ते गाठतात. या सबंध पाण्यात तेवढाच एक खडक असतो. पक्षीनिरीक्षकाची सर्वांत चांगली सकाळ ही पक्ष्याच्या सर्वांत वाईट रात्रीनंतर येते. मी हे विसरून कधी दुर्बीण उचलत नाही.

अशी एक सकाळ मी पाहिली आहे. पावसाची भुरभुर, धुकं, आणि उजाडलं तसं दिसू लागलं की माणसांनी लावलेलं प्रत्येक झुडूप, प्रत्येक कुंपण, बटाट्याच्या वाफ्याची प्रत्येक सरी हलते आहे. रॉबिन, थिरथिरे, कस्तुर, आणि गोल्डक्रेस्ट. गोल्डक्रेस्ट युरोपातला सर्वांत लहान पक्षी, वजन पाच-सहा ग्रॅम. तो इतका दमलेला असतो की माणसाच्या बुटाशी येऊन गवतातले किडे टिपतो. त्याला भीती वाटायला लागणारी ताकदही उरलेली नसते. त्या दिवशी आम्ही सगळेच हलक्या पावलांनी चाललो, आणि एका ठिकाणी पायवाट सोडून लांबून वळसा घेतला, कारण वाटेच्या मधोमध एक रॉबिन डोळे मिटून बसला होता.

माथ्यावर पक्षीकेंद्राची ‘जाळेबाग’ आहे. केंद्राची स्थापना १९१०ची, पहिले प्रमुख हुगो वायगोल्ट. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी बेटकऱ्यांची ती रश्श्यासाठीची खोटी झुडपं घेतली आणि तीच मोठी केली. एल्डर आणि सी-बकथॉर्नची खरी झाडी, मध्ये तळं, आणि झाडीवर तारेच्या जाळीचं भलंमोठं नरसाळं. तोंड रुंद, पुढे पुढे अरुंद होत जाणारं, आणि टोकाला काच लावलेली पेटी. दिवसातून अनेकदा कार्यकर्ते झाडीतून हळूहळू चालत पक्षी पुढे हाकतात. उजेडाकडे उडालेला पक्षी पेटीत येतो. पुढची कामं मिनिटाभरात आटपतात. पायात ॲल्युमिनियमचं कडं, पंखाची लांबी, वजन. मग पोटावरच्या पिसांवर हलकी फुंकर मारायची, म्हणजे कातडीखालची पिवळी चरबी दिसते आणि प्रवासासाठी शिदोरी किती उरली आहे ते कळतं. मूठ उघडली की पक्षी गेला. पक्ष्यांच्या पायात कडी घालायची रीत डेन्मार्कमधल्या हान्स मॉर्टेन्सेन या शिक्षकानं १८९९मध्ये मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगांवर रुळवली होती. हेलिगोलँडनं तिला दिलं ते हे नरसाळं. आज ब्रिटनच्या फेअर आइलपासून कितीतरी बेटांवर ते वापरतात आणि त्याला या बेटाचंच नाव आहे. मी त्या जाळीच्या तोंडाशी उभी राहते तेव्हा मला भरून येतं. पक्षी मारण्याची युक्ती न मोडता, न टाकता, माणसानं फक्त शेवटचा हात बदलला.

एकदा सप्टेंबरच्या अखेरीला आई माझ्याबरोबर होती. आई अलिबागकडची, किहीमच्या अलीकडल्या गावातली. तिनं आयुष्यात दुर्बीण हातात धरलेली नाही. छोट्या बोटीनं आम्ही ड्यूनवर गेलो. तिथे अनाम बुडालेल्यांचं स्मशान आहे. समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेले, ज्यांची ओळख पटली नाही असे खलाशी तिथे पुरले आहेत. लाकडाचे साधे क्रूस आणि भोवती वाऱ्यानं वाकलेली झुडपं. आई प्रत्येक क्रूसापाशी हात जोडत होती. तेवढ्यात झुडपातून ‘टिर्र्र’ असा कोरडा आवाज आला, आणि चिमणीहून लहान, मातकट रंगाचा पक्षी खालच्या फांदीवर आला. त्यानं शेपटी वर उडवली. शेपटीच्या कडांना पांढरं चमकलं.

“अगं, हा आपल्या वाडीतला!” आई म्हणाली. “थंडी पडली की विहिरीपाशी येतो बघ. आंब्याखाली दिवसभर टिर्र टिर्र करतो.”

तो लाल छातीचा माशीमार होता, त्याच वर्षी जन्मलेलं पोर, म्हणून गळ्याला लाली नव्हती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जर्मन गृहस्थांनी एवढ्या लांबून केवळ हा पक्षी पाहायला येण्यासाठी रजा काढली होती. आईनं तो वाडीतला म्हणून ओळखला. मी त्यांना आईचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून आईला नमस्कार केला.

आईचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. हा माशीमार पूर्व युरोपच्या आणि रशियाच्या जंगलात घरटं करतो, आणि युरोपातले बहुतेक छोटे पक्षी आफ्रिकेची वाट धरतात तेव्हा हा उलट आग्नेयेला, भारताकडे निघतो. महाराष्ट्रात तो हिवाळाभर असतो. गुलाबी चिमणा म्हणजे रोझफिंच, काळ्या डोक्याचा भारीट, भोरडी, हेही असेच युरोपकडून आपल्याकडे येणारे. तेव्हा हेलिगोलँडवर दिसणारा माशीमार निघाल्यावर भलत्याच दिशेला, पश्चिमेला गेलेला असतो.

अशा पक्ष्यांना आजवर सगळे वाट चुकलेले म्हणत आले. सायबेरियातला सहा ग्रॅम वजनाचा पिवळ्या भुवईचा वटवट्या खरा जायचा आग्नेय आशियात, पण दर शरदात तो मोठ्या संख्येनं पश्चिम युरोपच्या बेटांवर येतो. कुणी म्हणतं जन्मतः मिळालेली दिशाच उलटी बसते, कुणी म्हणतं वारा ढकलतो. २०२१ साली मात्र दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणाऱ्या रिचर्ड पिपिटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाही सायबेरियाचा आणि हिवाळ्यात भारतात येणारा पक्षी. त्या अभ्यासात दिसलं की फ्रान्समधले काही पिपिट उन्हाळ्यात घरी जाऊन पुन्हा त्याच ठिकाणी परततात. ज्यांना आपण दीडशे वर्षं चुकार समजत होतो, त्यांतल्या काहींनी नवी वाट पाडली होती. मला ही बातमी वाचून विलक्षण आनंद झाला. ड्यूनवरच्या त्या पोराचं पुढे काय झालं असेल हे सांगता येणार नाही, पण त्याला हरवलेला म्हणायला मी आता तयार नाही.

आणि हे बेट स्वतः किती वेळा पुसलं गेलं! दुसऱ्या महायुद्धात इथे पाणबुड्यांचे तळ होते. १८ एप्रिल १९४५ रोजी जवळपास हजार विमानांनी बॉम्ब टाकले, आणि उरलेल्या रहिवाशांना मुख्य भूमीवर नेलं. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ला, ब्रिटिश नौदलानं उरलेली तटबंदी उडवण्यासाठी ६,७०० टन स्फोटकं एकदम पेटवली. खडकाचा एक भाग ढासळला आणि तिथे आज खळगा आहे. त्यानंतरही हे बेट बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापरलं गेलं. १ मार्च १९५२ रोजी ते लोकांना परत मिळालं. घर नाही, चर्च नाही, बाग नाही. विमानं पाडण्यासाठी बांधलेला एक काँक्रीटचा मनोरा तेवढा उभा होता, तोच आता दीपगृह आहे. एप्रिल हा पक्ष्यांच्या परतीचा महिना. त्या स्फोटाच्या आसपासच्या रात्रींतही कस्तुर आणि शंकर वरून जात असणार, आणि खाली त्यांना मोजायला कुणी नव्हतं. लोक परतले, त्यांनी घरं बांधली, आणि केंद्राच्या माणसांनी पुन्हा झाडं लावली. १९६०पासून त्याच बागेत, त्याच पद्धतीनं पक्षी पकडले जात आहेत. एकाच जागी, एकाच रीतीनं, न चुकता. या सातत्यामुळेच २००३मध्ये ओमो आणि काथ्रिन ह्युपॉप दाखवू शकले की वसंतातले पक्षी आता आधीपेक्षा लवकर येऊ लागले आहेत, आणि त्याचा संबंध अटलांटिकवरच्या बदलत्या हवेशी आहे. ही गोष्ट एका वर्षाच्या उत्साहानं कळली नसती.

आता बेटाच्या उत्तरेला समुद्रात पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, आणि रात्री त्यांचे लाल दिवे क्षितिजावर लुकलुकतात. कोळसा जाळण्यापेक्षा वारा वापरावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बोर्कुम बेटाजवळच्या समुद्रातल्या एका संशोधन-मंचावर धडकून मेलेले पक्षी मोजले तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू अवघ्या दोन रात्रींतले निघाले. दोन वाईट, ढगाळ रात्री. म्हणजे अशा मोजक्या रात्री ओळखून चक्क्या थांबवता आल्या तर फार जीव वाचतील, आणि त्या रात्री कोणत्या हे सांगायला पक्ष्यांची आणि हवेची दीर्घ नोंद हवी. मला वाटतं, चक्क्यांच्या मालकांनी हा खर्च बिनतक्रार उचलावा.

या बेटाचा आपल्या किनाऱ्याशी एक जुना धागा आहे. १९२९मध्ये सलीम अली बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले, आणि त्या मुक्कामात हेलिगोलँडला जाऊन पक्ष्यांना कडी घालण्याचं काम शिकले. केंद्राचे प्रमुख तेव्हा रुडॉल्फ ड्रोस्ट होते. १९३०मध्ये सलीम अली मुंबईला परतले तेव्हा संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी राहिली नव्हती. ते आणि त्यांची पत्नी तेहमिना किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची घरटी होती. त्यांच्यासमोर बसून त्यांनी जे टिपलं, त्यातून सुगरण नराच्या बहुपत्नीकत्वाचा पहिला नीट उलगडा झाला. माझ्या आईच्या गावापासून ते ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं स्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा त्यामागे सलीम अलीच होते.

या किनाऱ्याकडे पाहताना शंकराचा तो चुकलेला हिशेब मला सारखा आठवतो. आपला किनारा शेकडो किलोमीटर लांब. त्यावर खाड्या, भूशिरं, खांदेरीसारखी बेटं, वेंगुर्ल्यापुढचे खडक. सप्टेंबरपासून त्यावरून किती पक्षी येतात हे किनाऱ्यावरच्या कोळ्याला, बागायतदाराला, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना थोडंथोडं दिसतं, पण ते कुणी लिहून ठेवत नाही. तेव्हा माझं कोकणातल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. आपल्या घराजवळची एकच जागा निवडा, विहीर म्हणा, बंदराचा धक्का म्हणा, आणि दर वर्षी त्याच दिवसांत तिथे जाऊन काय दिसलं ते वहीत लिहा, वारा कुठला होता त्यासकट. आणि किनाऱ्यावर एखादा कुरव किंवा पाणलावा मेलेला सापडला तर त्याचे पाय बघा. कडं असलं तर त्यावरची अक्षरं, क्रमांक, तारीख आणि गाव लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, मुंबईला कळवा. कडं परदेशातलं असलं तरी चालेल, ते पुढे कळवतात. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नका, आकडा वाचून त्याला सोडून द्या.